फोडण्यासाठी केलेला तारा

डिसेंबर लागला की सॅन अँटोनिओतल्या किराणा दुकानांत दारातच मक्याच्या सुक्या सालींचे गठ्ठे रचलेले दिसतात. कणसावरची साल वाळवून, चपटी करून पाकिटात भरलेली असते. ती टमालेसाठी लागते. मक्याचं मळलेलं पीठ सालीवर थापायचं, मधे शिजवलेलं मांस नाहीतर मिरची-चीज भरायचं, गुंडाळी करायची आणि वाफवायची. इथल्या मेक्सिकन घरांत नाताळाआधी एक अख्खा दिवस आज्या, मावशा, सुना, पोरंसोरं टेबलाभोवती बसून हेच करत असतात. १८३६ पर्यंत मेक्सिकोत असलेलं हे शहर, आणि आजही निम्म्याहून जास्त माणसं त्याच मुळांची. तरी शाळांतून मुलं घरी आणतात ती कापसाची दाढी लावलेला सांता आणि बर्फाचा माणूस. टेक्सासच्या या टोकाला बर्फ कधी पडलाच तर लोक गाडी थांबवून फोटो काढतात.

दर शनिवारी सकाळी मी एका सार्वजनिक सभागृहात मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. सात ते अकरा वयाची मुलं. निम्मी मेक्सिकन घरांतली, बाकीची आपली: तेलुगू, गुजराती, तमिळ, थोडी मराठी. डिसेंबरातले वर्ग मेक्सिकोच्या लोककलेचे करायचे हे मी ठरवलं ते साधा विचार करून. साहित्य कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, आणि चुकलं तर सांगायला वर्गातच एखादी आजी बसलेली असते.

माझं स्वतःचं शिक्षण एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांच्या मुशीतलं. ड्रॉइंग बोर्ड, चार टाचण्या, कागदाखाली कागद. पाण्याचा डाग पडला की मार्क गेले, कोपरा दुमडला की सरांच्या कपाळाला आठी. पुढे ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) केलं तिथंही चित्र म्हणजे सांभाळायची वस्तू, हेच. या शिस्तीबद्दल माझी तक्रार नाही. हात बसला तो तिथंच. पण मेक्सिकोत नाताळाला जे हातानं केलं जातं त्यातलं निम्मं टिकवायला केलेलंच नसतं. वाऱ्यानं फाटणार, दुसऱ्या दिवशी सुकणार, काठीनं फुटणार हे धरूनच ते करतात, आणि तरी जीव ओतून करतात. हे मुलांना शिकवताना माझ्या शिस्तीची पंचाईत होते. पालकांची तर फारच.

काय शिकवायचं नाही हेही ठरवावं लागलं. ‘मेक्सिकन क्राफ्ट’ म्हटलं की हमखास पुढे येतो तो ‘देवाचा डोळा’: आइस्क्रीमच्या दोन काड्या आडव्या-उभ्या बांधून त्यावर रंगीत लोकर गुंडाळायची. दहा मिनिटांत होतो, मुलं गप्प बसतात, शिक्षक खूश. पण पश्चिम मेक्सिकोच्या डोंगरात राहणाऱ्या विशारिका लोकांमध्ये तो लेकरासाठी केलेला नवस आहे. मूल जन्मलं की बाप मधला डोळा विणतो, मग वर्षाला एक असे वाढवत पाच वर्षांचं होईपर्यंत नेतो. त्याचा नाताळाशी संबंध नाही, आणि झाडावर लटकवायच्या शोभेशी तर त्याहून नाही. मी तो घेत नाही. कवटीचे मुखवटेही घेत नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. त्यांचे दिवस १ आणि २ नोव्हेंबर, पितरांचे. तेव्हा आम्ही क्रेप कागदाचा झेंडू करतो. (दसऱ्याला आपण दारावर ओवतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, हे ऐकून वर्गातले सगळे भारतीय पालक एकदम फोनमध्ये डोकं घालतात. खात्री करायला.) डिसेंबरात कवट्या रंगवणं म्हणजे गुढीपाडव्याला पणत्या लावणं.

मक्याच्या साली आम्ही पहिल्या शनिवारी घेतो. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवल्या की त्या कापडासारख्या वळतात. गाठ मारता येते, चुण्या पाडता येतात, आणि वाळल्या की दिलेला आकार धरून बसतात. त्यांच्या बाहुल्या होतात, देवदूत होतात. सोपं काम आहे, फार सांगण्यासारखं नाही. बोटांना मक्याचा वास राहतो एवढंच.

खरी मजा दुसऱ्या शनिवारी. पापेल पिकादो: पतंगी कागदासारख्या पातळ कागदांत नक्षी कोरून केलेल्या पताका. प्वेब्ला राज्यातलं सान साल्वादोर विश्कोलोत्ला हे त्यांचं गाव. १९९८ साली राज्यानं तिथल्या या कलेला सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं. अमेरिकी शाळेत हे कात्रीनं शिकवतात. कागदाला चार घड्या, कडेनं त्रिकोण-अर्धगोल कापायचे, उलगडायचं. वाईट नाही, पण त्यातून कायम चक्रं आणि फुलं निघतात. पोपट निघत नाही, गाढव निघत नाही, गाढवावर बसलेली येशूची आई मारिया तर नाहीच नाही. विश्कोलोत्लातले कारागीर घडी घालत नाहीत. पन्नासपर्यंत कागदांची थप्पी लावतात, वर नमुना ठेवतात, खाली शिशाचा पत्रा. शिसं मऊ, त्यामुळे छिन्नीची धार मरत नाही. मग निरनिराळ्या आकाराच्या छिन्न्या आणि हातोडा. एकेक ठोका पन्नास कागदांतून आरपार.

मुलांच्या हाती छिन्नी द्यायची माझी छाती नाही. आम्ही चामड्याला भोकं पाडायचे पोकळ पंच वापरतो: तांदळाच्या दाण्याएवढ्या भोकापासून रुपयाच्या नाण्याएवढ्यापर्यंत. दहा कागदांची थप्पी, वर-खाली जाड कागद, कडेला स्टेपल, खाली रबराची जाड चटई, डोळ्यांवर चष्मा, हातात छोटा हातोडा. एका वडिलांनी हातोडा बघितल्याबरोबर विचारलं, कुठं सही करायची आहे का. सभागृहात जो काही ठणठणाट होतो तो ऐकून शेजारच्या खोलीतला योगवर्ग आता वेळ बदलून घेतो. दहा-वीस ठोके झाले की पंचाच्या पोटात कागदाच्या टिकल्या दाटून बसतात. मागून तारेनं ढकललं की राणी, लिंबी, मोरपंखी, पुन्हा राणी अशी थरांची एक बारीक कांडी बाहेर येते. मुलं त्या कांड्या खिशात घालतात. मुख्य काम बाजूला राहतं आणि कांड्यांचा व्यापार सुरू होतो.

अडतं ते डोळ्यापाशी. एका मुलीनं तारा काढला, ताऱ्याला चेहरा, चेहऱ्याला टपोरा डोळा: बाहेर गोल, आत बाहुली. तिनं बाहेरचा गोल भोकं पाडून पाडून पूर्ण केला आणि थप्पी उचलली तर डोळा बाहुलीसकट चटईवर राहिला. दहाही ताऱ्यांना डोळ्याच्या जागी आंधळी खिडकी. कोरीव कागदात सगळं एकमेकांना धरून असावं लागतं. एखादा तुकडा चारी बाजूंनी सुटला की गेलाच. म्हणून जुने कारागीर चित्रामागे बारीक जाळी सोडतात. पक्ष्याचा पाय, पानाचं टोक, डोळ्याची बाहुली, सगळं कुठं ना कुठं त्या जाळीला टेकलेलं असतं. मुलांना हे तोंडानं सांगून कळत नाही. चित्र काढताना आपण रेघ काढतो. इथं रेघ म्हणजे भोक, आणि उरतो तो कागद म्हणजे चित्र. ही उलटी विचारपद्धत मोठ्यांना जड जाते, नऊ वर्षांच्या मुलांना नाही. त्या मुलीनं दुसऱ्या थप्पीत डोळा काढलाच नाही. पापणी काढली, मिटलेली. पापणी दोन्ही टोकांना गालाला चिकटून राहते. मी सुचवलं नव्हतं.

थप्पीमुळे आणखी एक गंमत होते. एका मुलाचे दहा तारे तयार होतात. दहांचं करायचं काय? एक त्याच्या दोरीवर, उरलेले इतरांच्या. दोरीला कागदाची वरची कड दुमडून खळ लावून चिकटवायची, आणि प्रत्येक दोरीवर सगळ्यांचं एकेक. मग दोऱ्या बाहेरच्या अंगणात, झाडापासून खांबापर्यंत. इथं पालकांचा जीव वरखाली होऊ लागतो. ‘ताई, आमच्या बबड्याचं नेमकं कुठलं हो?’ ‘सगळ्या दोऱ्यांवर आहे.’ ‘तसं नाही, घरी न्यायचं कुठलं?’ घरी न्यायचं नाही, ते इथंच वाऱ्यावर राहील, असं म्हटलं की चेहरे पडतात. ‘अहो पण फाटेल ना!’ फाटेल. दोन आठवड्यांत ऊन खाऊन राणी रंगाचा फिका गुलाबी होईल, आणि नाताळाला एक-दोन पताका अर्ध्याच उरतील. मेक्सिकोत आता प्लास्टिकच्याही पताका मिळतात, पावसाला न भिणाऱ्या. त्या फेब्रुवारीपर्यंत लटकत राहतात आणि केविलवाण्या दिसतात.

फाटणं तरी हळूहळू होतं. मुळ्याचा प्रकार त्याहून आखूड. ओआहाका शहरात २३ डिसेंबरच्या संध्याकाळी मुळ्यांची रात्र साजरी होते. शहराच्या मुख्य चौकात मांडवाखाली टेबलं, टेबलांवर मुळ्यातून कोरलेली दृश्यं: मारिया आणि योसेफ, लग्नाची वरात, बाजारहाट, चर्चचे मनोरे, नाचणाऱ्या बायकांचे घेरदार घागरे. बाजारात भाजीवाले गिऱ्हाईक ओढायला मुळे कोरून मांडत, तिथून हे आलं म्हणतात. १८९७ मध्ये नगराध्यक्ष फ्रान्सिस्को वास्कोन्सेलोस यांनी त्याची रीतसर स्पर्धा केली, ती आजवर चालू आहे. मुळे खाण्याचे नसतात. यासाठीच लावतात, मुद्दाम जास्त दिवस जमिनीत ठेवून जून करतात, अर्धा मीटर लांब आणि तीन किलोपर्यंत वजनाचे, वेडेवाकडे, पाय फुटलेले. बाहेरून लाल, आतून पांढरा. सालीचा पदर सोलायचा की ठेवायचा यावरच सगळं चित्र उभं राहतं. कोरलेलं तासाभरात काळवंडायला लागतं म्हणून सतत पाणी शिंपडत बसतात. लोक तासन्‌तास रांगेत उभे राहून बघतात, त्याच रात्री बक्षिसं, आणि संपलं.

आमच्याकडे लहान लाल मुळे आणि जोडीला लांब पांढरा मुळा. प्लास्टिकच्या सुऱ्या, टूथपिक, फवारणीची बाटली. त्या शनिवारी एका मुलाच्या आजी आल्या होत्या, नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. मुलांनी मुळ्याचे तुकडे उडवायला सुरुवात केल्यावर आजींना राहवेना. त्यांनी पदर खोचला, टेबलाटेबलावरून तुकडे गोळा केले आणि पर्समधून डबा काढला. ‘एवढ्या मुळ्याची कोशिंबीर होईल गं चार घरांची.’ शेजारी आमच्या वर्गातली नेहमीची मेक्सिकन आजी बसली होती. मला ती माएस्त्रा, म्हणजे बाई, म्हणते आणि माझ्या सुरी धरण्याला नावं ठेवते. तिनं डब्यात डोकावून पाहिलं, पर्समधून एक लिंबू काढून आजींच्या हातात ठेवलं, आणि चिमटीनं मीठ भुरभुरवल्याची खूण केली. दोघींना एकमेकींची भाषा शून्य. पुढचे सगळे वर्ग दोघी शेजारीशेजारी बसल्या आणि माझ्या शिकवण्याबद्दल आपापल्या भाषेत बोलल्या असाव्यात.

नाताळचा देखावा, नासिमिएंतो, आम्ही मिठाच्या कणकेचा करतो. तो पटकन सांगते. मेक्सिकोत त्यात गोठ्याशेजारी निवडुंग असतो, टर्की असते, पाट्यावर मका वाटणारी बाई असते, कुणाला काय हवं ते. म्हणून आमच्या देखाव्यात रिक्षा आली तेव्हा मी अडवलं नाही. बाळ मात्र ठेवायचं नाही; गव्हाणी २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी. दर वर्षी कुणीतरी चिमुरडं तक्रार घेऊन येतंच की बाळ हरवलं.

आणि मग पिन्याता, खाऊ भरून टांगायची आणि काठीनं फोडायची. मराठी पालकांपैकी कुणीतरी ‘म्हणजे दहीहंडीच की’ म्हणतंच. मडकं, दोरी, काठी आणि फुटणं एवढं खरं. पण आपल्याकडे दहा जण मिळून एकाला वर चढवतात. इथं एकट्याच्या डोळ्यांना पट्टी बांधून गरगर फिरवतात आणि बाकीचे सगळे डावीकडे-उजवीकडे असं ओरडून त्याला चुकवतात. मेक्सिको शहराजवळच्या आकोल्मान गावात १५८० च्या दशकात ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी नाताळाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना सुरू केल्या, तिथंच पिन्यातालाही त्यांनी हाताशी धरलं असं सांगतात. आजही १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री पोसादा चालतात. अर्धे लोक दाराबाहेर उभे राहून गाण्यातून आसरा मागतात, आतले गाण्यातूनच नकार देतात, शेवटी दार उघडतं. मग गरम पोंचे प्यायचं, त्यात ऊस, पेरू, चिंच, दालचिनी, तेहोकोते नावाचं छोटं आंबटगोड फळ. आणि मग पिन्याता: सात टोकांचा तारा. सात टोकं म्हणजे सात पापं, पट्टी म्हणजे आंधळी श्रद्धा, आतला खाऊ म्हणजे देवाची कृपा. धर्मगुरूंनी खेळावर चढवलेला हा अर्थ मुलं सोयीस्कर विसरली असणार, पण टोकं सातच राहिली.

सात पापं आठ वर्षांच्या मुलांना समजावणं अवघड काम आहे. गर्व, लोभ, मत्सर, राग, आळस, खादाडपणा इथवर ठीक. सातव्याला मी ‘नको ते हवं वाटणं’ म्हटलं आणि घाईनं खळ ढवळायला घेतली. नाशिकच्या आजी लगेच म्हणाल्या, ‘आपल्याकडे सहाच. काम क्रोध लोभ मोह मद मत्सर.’ मी मनात ताळा करून पाहिला. पाच दोन्हीकडे सारखे. आपल्यात मोह जास्तीचा, त्यांच्यात आळस आणि खादाडपणा. हे दोन आपल्याकडे त्या सहा शत्रूंत धरलेलेच नाहीत, ही गोष्ट मला आपल्या लोकांबद्दल बरंच काही सांगून जाते. मुलांनी वाद मिटवला तो आपल्या पद्धतीनं: टोकं सात, पण प्रत्येकावर आपापला शत्रू लिहायचा. होमवर्क. ब्रोकोली. धाकटा भाऊ. पियानो. एका टोकावर नुसतं ‘सोमवार’.

पूर्वी आत मातीचं मडकं असे, वर कागद. खापऱ्या डोक्यात पडतात म्हणून आता बहुतेक ठिकाणी नुसता कागदच. आम्ही फुगा फुगवून त्यावर मैद्याच्या खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवतो. इथल्या घरांत रद्दी नावाची चीज नाही, कारण वर्तमानपत्रच येत नाही. दुकानांच्या जाहिरातींची चोपडी आणि खोक्यांत कोंबलेला खाकी कागद यांवर भागवावं लागतं. तीन थर, प्रत्येक थर वाळवून. मग फुगा फोडायचा, पुठ्ठ्याचे शंकू बसवायचे आणि वरून पातळ कागदाच्या झालरी, एकावर एक, खालून वर. दोन शनिवार जातात. झालर कातरताना मुलांच्या जिभा बाहेर येतात, इतकं ते मन लावून करतात.

आणि मग ती फोडायची. शेवटच्या शनिवारी पिन्याता झाडाला टांगली, आत संत्री, गोळ्या, पुठ्ठ्याची खेळणी (शेंगदाणे परंपरेचे, पण अ‍ॅलर्जीमुळे इथं बंदी), आणि ज्यांनी केली ती मुलं पाठ फिरवून उभी राहिली. फोडायची नाही. एकीला रडू आलं. एक आई माझ्या कानाशी म्हणाली, ‘ही वर्गातच टांगून ठेवू या ना, आणि एखादी विकतची फोडू.’ खोटं कशाला सांगू, माझ्या आतल्या इंटरमिजिएट ड्रॉइंगवालीला ते पटलं होतं. इतक्या सुबक झालरी. पण मेक्सिकन आजीनं चर्चा ऐकूनच घेतली नाही. घरून आणलेली रंगीत फितींची काठी तिनं सगळ्यांत धाकट्याच्या हातात दिली, पट्टी बांधली, फिरवलं आणि सोडलं. पहिला मान धाकट्याचा. त्याचा वार झाडाच्या खोडावर बसला. दुसऱ्याचा हवेत. दोरी ओढायला एक मराठी बाबा उभे होते, ते जुन्या गोविंदाच्या उत्साहानं पिन्याता वर-खाली करू लागले, आणि तिसऱ्या-चौथ्या मुलापर्यंत सगळ्यांचा आवाज वाढलेला होता. मघाशी रडणारी रांगेत दोन नंबर पुढे घुसली. तिच्या काठीनं ‘पियानो’ उडाला.

फुटली तेव्हा नेमकी कुणी फोडली ते कळलंच नाही. सगळी एकदम जमिनीवर. फळं-गोळ्या संपल्यावर शंकूंवरून हाणामारी झाली: एकानं ‘सोमवार’ टोपीसारखा डोक्यावर चढवला, दुसरीनं ‘ब्रोकोली’त संत्री भरली. मघाची ती आई फाटलेल्या पोटाची उरलीसुरली झालर गोळा करत होती, बुकमार्कला होईल म्हणून. नेऊ दिली.

नाशिकच्या आजी मात्र नाराज होत्या. फुटली खरी, पण आवाज झाला नाही, त्या म्हणाल्या. फुटताना खळ्ळकन आवाज व्हायला नको का? मेक्सिकन आजीला हे मी इंग्रजीत सांगितलं तर तिनं जोरात मान हलवली आणि शहराच्या दक्षिणेला मातीची मडकी कुठं मिळतात त्याचा पत्ता फोनवर दाखवला. पुढच्या डिसेंबरासाठी मी सभागृहाच्या कार्यालयाला पत्र लिहून विचारलंय, लहान मुलांच्या कार्यक्रमात मातीचं मडकं डोक्यावर टांगून काठीनं फोडायला विम्याची हरकत आहे का. पत्र ‘विचाराधीन’ आहे.